बैठकीत मूल कुठं बसतं?

(गेवराई येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

 

शिबिराच्या संयोजकांनी मला 'तलाक आणि कायदा' असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, कायदा सांगते, पण बोलायचंय ते मुलांबद्दल. कारण तलाकबद्दल आपल्या महाराष्ट्रात साठ वर्षं बोललं जातंय. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला. 1970 साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. 1985 मध्ये शाहबानो खटल्याचा निकाल आला आणि त्याच वर्षी कोल्हापूरहून नागपूरकडे तलाकमुक्ती मोर्चा निघाला. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला आणि 2019 मध्ये त्याचा कायदा झाला. या सगळ्याने आपल्या बाईला कोर्टाची पायरी चढायचं बळ दिलं. पण तिच्या कडेवर जे मूल होतं, त्याचं काय झालं, हे आपण फारसं विचारलं नाही.

मी गेवराईचीच. सात वर्षांची होते तेव्हा माझ्या आईवडिलांची फारकत झाली. बैठक आमच्याच अंगणात बसली होती. सतरंज्या टाकल्या होत्या. जमातीतले बुजुर्ग होते, दोन्हीकडचे मामू-चाचा होते. अम्मी आत दाराआड होती. मी पाण्याचे ग्लास फिरवत होते. एका बुजुर्गांनी मला जवळ घेतलं, डोक्यावर हात फिरवला आणि विचारलं, "बेटा, किसके पास रहना?" मी म्हटलं, "दोनों के पास." सगळे हसले. रागाने नाही, मायेनेच हसले. संध्याकाळपर्यंत कागद झाला. मी अम्मीकडे, धाकटा भाऊ अब्बांकडे.

तो कागद पुढे कॉलेजात असताना मी वाचला. बाई मेहेर मागणार नाही, खावटी मागणार नाही, भांडी परत मिळाली, यापुढे एकमेकांवर हक्क नाही. साक्षीदारांच्या सह्या आणि अंगठे. माझ्या शाळेबद्दल त्यात एक ओळ नव्हती. भाऊबहिणीने कधी भेटायचं, याबद्दल एक शब्द नव्हता. पुढच्या चार वर्षांत मी भावाला दोनदा भेटले. दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नात.

त्या बुजुर्गांवर माझा राग नाही. दिवसाची रोजी बुडवून ती माणसं आमच्या अंगणात बसली होती. त्यांच्यापुढे मोठ्यांचं भांडण आणलं होतं, ते त्यांनी मिटवलं. मुलांकडे पाहायचं काम त्या बैठकीत कुणाचंच नव्हतं. हे जे कुणाचंच नसलेलं काम आहे, ते मी आता करते. त्याला समाजकार्य म्हणतात. पदवी घेतली, नोकरी लागली, तेव्हा कळलं की या कामाला जगभर जागा आहे. आपल्या देशातही आहे. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे आणि समाजसेवी संस्थांची मदत घेण्याचीही आहे. त्याच 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे असे कक्ष महाराष्ट्रात इतर जिल्ह्यांतही गेले. पण तालुक्याच्या कोर्टात खावटीचा अर्ज घेऊन आलेल्या बाईला व्हरांड्यात बसायला बाकडं मिळालं तरी खूप. तिच्या मुलाशी बोलायला तिथं कोण आहे? म्हणून तुमच्यासमोर उभी आहे.

आपल्या भागातलं घर कसं मोडतं, ते आधी समजून घेऊ. बीड जिल्हा ऊसतोडीचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीच्या नावावर. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, त्या उन्हाळा लागताना परत येतात. अशा घरात फारकतीची बैठक बसते तेव्हा मुकादमाचं माणूसही येऊन बसलेलं मी पाहिलंय. कारण जोडी मोडली की उचल कुणी फेडायची, हा तिथला पहिला प्रश्न असतो. कोर्टात अर्ज पडला तर तारीख लागते डिसेंबरात, आणि बाई त्या वेळी भावाच्या टोळीबरोबर कर्नाटकात. ती हजर नाही, म्हणून अर्ज निकाली निघतो. मूल कधी आजीपाशी, कधी हंगामी वसतिगृहात, कधी फडावरच्या कोपीत. त्याची शाळा तीन ठिकाणी आणि हजेरी एकाही ठिकाणी नाही.

सगळेच ऊसतोडीला जात नाहीत. कुणाची हातगाडी आहे, कुणाचं गॅरेज, कुणी महामार्गावर ट्रक चालवतो. पण एक गोष्ट बहुतेक घरांत सारखी आहे. लग्न लवकर होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांमागे चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. हे सगळ्या जातीधर्मांचं मिळून आहे. म्हणजे फारकतीच्या कागदावर सही करणारी आई बऱ्याचदा विशीच्या आसपासची असते. तिलाच अजून आईची गरज असते.

आता मी केलेली एक चूक सांगते. नोकरीला तीन वर्षं झाली होती. महिन्याच्या अहवालात एक रकाना असायचा, 'समेट किती'. तो भरलेला असला की साहेब खूश. एक बाई आली, दोन मुलं, नवरा मारायचा. ती म्हणत होती, ताई, मला नांदायचं नाही. मी नवऱ्याला बोलावलं, त्याने कान पकडले, लिहून दिलं. मी तिला म्हटलं, "मुलांसाठी एकदा बघ." ती गेली. मी रकाना भरला.

पाच महिन्यांनी ती परत आली तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता. मोठा मुलगा सहा वर्षांचा. तो शाळेत बोलायचाच बंद झाला होता. बाईंनी नाव विचारलं तरी नुसता बघायचा. ज्या मुलांसाठी मी तिला पाठवलं, त्या मुलांना मी एकदाही भेटले नव्हते. त्यांच्या शिक्षिकेला फोन केला नव्हता. 'मुलांसाठी' हा शब्द मी तिच्यावर दडपण म्हणून वापरला होता. मुलांचा विचार त्यात नव्हताच.

त्या दिवसापासून माझा नियम आहे. समेट म्हणजे यश नाही आणि फारकत म्हणजे अपयश नाही. मारहाण असेल तर आधी सुरक्षितता, मग बाकी सगळं. आपल्याकडे सूरह निसाच्या 35व्या आयतीचा हवाला देतात. नवऱ्याकडचा एक आणि बायकोकडची एक अशी दोन लवाद माणसं नेमावीत, असं तिथं सांगितलंय. चांगलीच गोष्ट आहे. 2002 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, लातूरच्या दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात पूर्णपीठाने हेच धरून निकाल दिला. मी तलाक दिलाय, असं नवऱ्याने कोर्टात नुसतं लिहून देणं पुरत नाही. कारण काय होतं, मध्यस्थी झाली होती का, हे सिद्ध करावं लागतं. पण ती मध्यस्थी दोघांना बरं वाटावं म्हणून आहे. एकीला गप्प बसवण्यासाठी ती नाही. आणि सूरह बकराच्या 233व्या आयतीत अंगावर पिणाऱ्या मुलाच्या निमित्ताने आईलाही त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, असा हुकूम आहे. बैठकीत पहिल्या आयतीची आठवण निघते. दुसरीची काढणारं कुणी पाहिजे.

आता कायदा. वही काढलीत तरी चालेल.

पहिलं. खावटी मुलाचा स्वतःचा हक्क आहे. आईने खुला घेताना "मला काही नको" असं लिहून दिलं, तरी त्याने मुलाचा हक्क जात नाही. आई स्वतःचं सोडू शकते, लेकराच्या ताटातलं सोडू शकत नाही. 1997 मध्ये नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुस्लिम बापावर मुलाची जबाबदारी तो सज्ञान किंवा कमावता होईपर्यंत आहे आणि मुलीची तिचं लग्न होईपर्यंत.

दुसरं. पूर्वीचं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालंय. ते मुस्लिम स्त्रीलाही लागू आहे, तलाक झालेली असली तरी. 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. अंतरिम खावटीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायदाच म्हणतो. आणि 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे खावटी अर्ज केल्याच्या तारखेपासून मिळते. म्हणून अर्ज लांबवू नका.

तिसरं. थकलेली खावटी एक वर्षाच्या आत मागावी लागते, नाहीतर तेवढ्या रकमेचं वॉरंट निघत नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्याने किती बायकांचे पैसे बुडाले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

चौथं. मुलाचा ताबा. आपल्याकडे लोक सांगतात की मुलगा सात वर्षांचा झाला की बापाचा, मुलगी वयात आली की बापाची. हनफी मतात तसं आहे. पण कोर्ट 1890 च्या पालक व पाल्य कायद्यान्वये मुलाच्या हिताचा विचार करतं. मूल समजतं असेल तर न्यायाधीश त्याचं म्हणणंही ऐकतात. तेव्हा वयाचा आकडा सांगून कुणी मूल ओढून नेत असेल, तर तो शेवटचा शब्द नाही.

पाचवं. घरात हिंसा असेल तर 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. मॅजिस्ट्रेट मुलांचा तात्पुरता ताबाही देऊ शकतात. स्त्रियांना आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. फोन 15100. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098.

सहावं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एकल पालकाच्या मुलाला दरमहा 2250 रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. शाळेचं बोनाफाईड, मुलाचं खातं, उत्पन्नाचा दाखला असे कागद लागतात. कागद गोळा करून देणं हे अजिबात लहान काम नाही.

कायद्याने पैसे मिळतात, ताबा मिळतो. पण रविवारी संध्याकाळी मुलाला कुणी सोडायला यायचं, हे कायदा सांगत नाही. त्यासाठी माणसं लागतात.

एका घरातलं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलगी अकराची, भाऊ सहाचा. अब्बा ट्रकवर. अम्मी माहेरी निघून आली होती. त्याने शाळेची फी बंद केली, हिने भेट बंद केली. दोघंही मुलांवरच्या मायेपोटीच करत होते, आणि दोघांनाही ते दिसत नव्हतं. मी दोघांना वेगवेगळं बसवून तीन-तीनदा ऐकलं. मग मुलांशी बोलले. त्यांना "कुणाकडे राहायचं?" असं विचारलं नाही. विचारलं, "दिवसभरातलं काय काय आवडतं, कशाची भीती वाटते?" मुलगा म्हणाला, कोर्टाच्या तारखेला पोट दुखतं. मुलगी म्हणाली, "अब्बा फोन पे पूछते, अम्मी क्या बोली. अम्मी पूछती, अब्बा क्या बोले. मैं क्या पोस्टमन हूं?"

त्या वाक्यावर आम्ही सगळी मांडणी केली. भेट रविवारी दहा ते पाच. मुलं सोडायची-घ्यायची जागा शाळेचं फाटक, कारण नानीच्या दारात भांडण होई आणि पोलीस ठाण्याला मुलं घाबरत. मुलांसोबत एक वही जाईल. औषध, अभ्यास, सर्दी-खोकला, जे सांगायचं ते मोठ्यांनी त्या वहीत लिहायचं, मुलांच्या तोंडून नाही. फी थेट शाळेत भरायची. हे सगळं नंतर वकिलांनी तडजोडीच्या अर्जात घातलं आणि कोर्टाच्या हुकमात आलं.

पहिल्या दोन महिन्यांत दोन रविवारी बाप आला नाही. मुलगी पिशवी घेऊन फाटकावर एक वाजेपर्यंत बसून होती. मी त्याला फोन केला. रागावले नाही. एवढंच सांगितलं की ती एक वाजेपर्यंत बसली होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. गाडी पुढे लोडिंगला लागली होती म्हणाला, आणि पोरं वाट बघतील असं वाटलंच नाही म्हणाला. त्यानंतर यायचं जमणार नसेल तर आदल्या रात्री फोन यायला लागला.

हे घर पुन्हा जुळलं नाही. बापाने दुसरा निकाह केला, रविवार महिन्यातून दोनवर आले. पण मुलगी आज नववीत आहे आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दोघांच्याही सह्या असतात. मी त्यालाच माझा भरलेला रकाना म्हणते.

आता तुम्ही काय करायचं? तुम्ही वकील नाही, काझी नाही, न्यायाधीश नाही. ते व्हायचंही नाही. पण गल्लीत, नात्यात फारकत होते तेव्हा पहिली खबर तुम्हालाच लागते.

तारखेच्या दिवशी त्या बाईसोबत जा. तिच्या शेजारी नुसतं बसा. ताब्याचा अर्ज बीडला असेल तर तीस-पस्तीस किलोमीटर एकटीने जाण्यापेक्षा सोबत असणं फार मोठं असतं. टोळीला जाणार असेल तर आधी वकिलाला सांगायला लावा आणि तारखा लिहून ठेवा.

तिची फाईल करा. निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, आधार, शाळेचे कागद. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.

मुलांवर नजर ठेवा. लहान मूल अंथरूण ओलं करायला लागतं. आठ-नऊचं मूल समजतं की आपल्यामुळेच झालं, म्हणून ते फार शहाण्यासारखं वागतं. त्याचं कौतुक करू नका, त्याच्याशी बोला. मोठी मुलगी शाळा सोडून घर सांभाळायला लागते आणि मग नातेवाईक म्हणतात, बापाविना पोर आहे, लग्न उरकून टाकू. तिथं तुम्ही उभं राहायचंय. अठराच्या आतलं लग्न गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो.

आणि मुलग्यांनो, हे तुमच्यासाठी. तुमचा दोस्त, तुमचा भाऊ तलाकच्या वादात असेल तर त्याला "सोड, दुसरी बघू" म्हणू नका. त्याला विचारा, या महिन्यात पोरांना भेटलास का? बापाला हे विचारणारं कुणी नसतं. बहुतेकांना रागाच्या आड मूल दिसत नाही. दोस्ताने विचारलं तर दिसतं.

आपल्याच गेवराईत संतोष आणि प्रीती गर्जे यांचं बालग्राम आहे. ज्यांना कुणी नाही अशा लेकरांचं ते घर. अशा कामापुढे आपण मान झुकवतो. पण फारकतीतल्या मुलाला आई असते, बाप असतो, नाना-नानी, दादा-दादी असतात. एवढी माणसं असून ते एकटं पडू नये, एवढंच आपल्याला बघायचंय.

शेवटी एक मागणं. यापुढे तुमच्या ओळखीत बैठक बसली, तर फारकतीच्या कागदाला मुलांचं एक वेगळं पान जोडायला सांगा. शाळा कोणती, फी कोण भरणार, दवाखाना कोण बघणार, भेट कोणत्या वारी, कुठं, ईदला मूल कुठं, भावंडं एकत्र की नाही, नसतील तर किती दिवसांनी भेटणार. ते पान कोर्टापुढे ठेवता येतं. कुणी म्हणेल, तू लहान आहेस, तुला काय कळतं? म्हणा, मला कळत नाही, फक्त एवढं पान लिहून घ्या.

माझा भाऊ आता बाल-बच्चेवाला आहे. मागच्या रमजानमध्ये इफ्तारीला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "मी गेलो त्या दिवशी तू बाहेर आलीच नाहीस, आपा. मला वाटलं, तुला मी नको होतो." मला आत बसायला सांगितलं होतं, हे त्याला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. त्या अंगणात कुणीतरी एक माणूस आम्हा दोघांजवळ पाच मिनिटं बसलं असतं, तर तेवढ्याने काम झालं असतं.

तुमच्यातलं कुणी पुढच्या बैठकीत तसं बसलं, तर माझं इथं येणं कामी आलं.